फील्डबुकातली एक दुरुस्ती

"स्टेशन किती लांब?" असं त्यांना कुणी विचारलं की ते थांबत, विचारणाऱ्याकडे नीट बघत आणि म्हणत, "कशापासून?"

"इथून हो काका."

"इथून म्हंजे तुमच्या पायापासून की माझ्या?"

विचारणारा बहुधा रिक्षा करून निघून जाई. काका मागे उभे राहून दोघांच्या पायांतला फरक मोजत. चेष्टा म्हणून नव्हे. त्यांना 'इथे' हा शब्दच मान्य नव्हता. कुठलीही गोष्ट कुठे आहे हे सांगायचं तर ती दुसऱ्या कशापासून किती अंतरावर आहे एवढंच सांगता येतं, असं ते म्हणत. त्याच्यापुढचं सगळं 'बोलायचं काम'.

सरकारी मोजणीच्या पथकात ते चेनमन म्हणून लागले आणि चेनमन म्हणूनच निवृत्त झाले. चेनमन म्हणजे चिखलातून, काट्यातून मोजणीची साखळी ओढत नेणारा आणि तिचं टोक खुंटीला टेकवून धरणारा माणूस. बांधावर छत्रीखाली उभा असलेला मोजणीदार आकडे फील्डबुकात, म्हणजे मोजणीच्या वहीत, लिहून घेतो आणि नकाशावर सही करतो. काकांनी तीस-बत्तीस वर्षं साखळी ओढली. उत्तनपासून काशीगावापर्यंत खाडीकाठच्या खाजणातला प्रत्येक हद्दीचा दगड त्यांना पाठ होता. त्यामुळे निवृत्तीनंतर मीरा रोडचे बिल्डर त्यांना बोलवायला लागले. कालपर्यंत जिथे मीठ पिकत होतं तिथे आता चार मजले उठत होते, आणि कुठलं खाजण कुणाचं हे काकांशिवाय कुणाला सांगता येत नव्हतं.

त्यांचे पाय बारा महिने गमबुटात. लग्नाला जाताना ते धुऊन घालत, एवढाच फरक. चालताना पावलं मोजत, आणि मध्येच कुणी हटकलं तर परत सुरुवातीच्या जागी जाऊन पुन्हा चालू लागत. राई गावातल्या एका लग्नात मांडवाच्या दारापासून नवरदेवापर्यंत पोचायला त्यांना चार खेपा लागल्याचं मी स्वतः पाहिलं आहे. वाटेत ओळखीची माणसं फार होती.

आमची गाठ पडली ती सहा इंचांमुळे. परळच्या दोन खोल्या सोडून आम्ही मीरा रोडच्या सिल्व्हर पार्कात राहायला आलो, ते नव्वदच्या आगेमागे. आमच्या मागच्या गॅलरीतून अजून मिठागर दिसत असे. आमच्या आणि शेजारच्या सोसायटीत कंपाउंडच्या भिंतीवरून भांडण लागलं होतं. त्यांची भिंत सहा इंच आमच्यात आली आहे, असं आमचं म्हणणं. दोन्ही सोसायट्यांनी मिळून काकांना बोलावलं. त्यांनी सकाळी आठला मोजलं आणि बारा वाजता टेप गुंडाळून बसून राहिले.

शेजारच्या सोसायटीचे सेक्रेटरी गुजराती गृहस्थ होते. ते म्हणाले, "काका, अभी क्या हुआ?"

"धूप में टेप लंबा होता है. शाम को फिर मापेगा."

"अरे, थोडा इधर-उधर चलता है ने."

"चलता है ना? तो मेरे को क्यूं बुलाया? आप ही चलाओ."

संध्याकाळी पुन्हा मोजून त्यांनी निकाल दिला. भिंत दोन इंच चुकली होती, पण उलटी: आमच्या नव्हे, त्यांच्याच जागेत. आमच्या कमिटीनं त्यांना चहासुद्धा विचारला नाही, म्हणून मी त्यांना घरी घेऊन आलो. भिंतीवर वर्गासाठी केलेला एक तक्ता टांगलेला होता. तो बघत त्यांनी बशीत चहा ओतला आणि विचारलं, "मास्तर, तुम्ही फिजिक्सवाले काय?"

"हो."

"मंग ते ग्रॅव्हिटीचं आन् क्वांटमचं जमत न्हाय म्हणतात, ते खरं हाय?"

मी म्हणालो, "ते आमच्या अभ्यासक्रमात नाही."

"मी अभ्यासक्रमाचं न्हाय विचारलं."

त्या वेळी मी कनिष्ठ महाविद्यालयात दहा वर्षं भौतिकशास्त्र शिकवत होतो. शिकवत होतो म्हणजे वहीतून नोट्स सांगत होतो, आणि मुलं त्या त्यांच्या वहीत उतरवून घेत होती. अवकाश आणि काळ यांबद्दल मला कुणी कधी काही विचारलं नव्हतं, आणि मीही स्वतःला विचारलं नव्हतं. त्या दिवशी मी काहीतरी बोललो. त्यांनी ते ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हे पुस्तकातलं झालं. तुम्हाला काय वाटतं?" मला काही वाटतच नव्हतं. हे मला पहिल्यांदा त्यांच्यासमोर कळलं.

मग ते दर रविवारी सकाळी येऊ लागले. कुठल्याशा ग्रंथालयानं मोडीत काढलेलं विश्वरचनेवरचं एक इंग्रजी पुस्तक त्यांच्याकडे होतं. सातवीपर्यंतचं शिक्षण आणि एक शब्दकोश यांवर ते वाचायचं त्यांचं काम चाललं होतं. शब्दकोशात भागलं नाही की तो शब्द चिठ्ठीवर लिहून माझ्याकडे आणत. रविवारी एकच शब्द. मी उत्साहानं पुढचा सांगायला गेलो तर हात वर करत. "आज एवढा पुरं. हा आधी चालून बघतो." आणि खरंच तो शब्द घेऊन आठवडाभर खाजणात चालत. पुढच्या रविवारी परत येत तेव्हा तो शब्द मला त्यांच्याकडून शिकायला लागे.

माझी बायको त्यांना आधी घाबरे, कारण गमबुटांचे ठसे. नंतर तीच त्यांच्यासाठी दाराशी गोणपाट टाकून ठेवायला लागली. ते तिला "बाय" म्हणत, आणि निघताना तिला न चुकता सांगत, "बाय, तुझा मास्तर आज बरा बोलला." मी बरा बोललो नसलो तर काहीच न सांगता जात. ती मला संध्याकाळपर्यंत चिडवत असे.

अशाच एका रविवारी त्यांनी मला ते सांगितलं, ज्याच्यावर मी पुढे माझं नाव उभं केलं. चौरस कागद पुढे ओढून त्यांनी पेन्सिलीनं चार ठिपके काढले.

"मास्तर, हे चार दगड. यांच्यातली अंतरं किती?"

"सहा."

"तीन दगडांचा त्रिकोण कागदावर बसतो. चौथा दगड दोन अंतरांनी बसवला. मंग सहावं अंतर कागदावर मोजायचं आन् फील्डबुकातल्याशी ताडायचं. जुळलं तर जमीन सपाट. न्हाय जुळलं तर?"

"तर मोजणी चुकली."

"सरकारी मोजणीत चेनमन चुकला म्हणतात. तुमच्या त्या मोठ्या माणसांत जमीनच वाकडी म्हणतात. बस, तीच ग्रॅव्हिटी. आपण म्हणतो कोण तरी ओढतंय. ओढत कोण न्हाय. आकडे सपाट कागदावर बसत न्हायत, इतकंच."

मग ते माझ्याकडे न बघता बोलत राहिले. म्हणाले, भांडण दोन मोजणीदारांचं आहे. क्वांटमवाला म्हणतो, कागद पक्का आहे, त्यावरचे आकडे थरथरतात. ग्रॅव्हिटीवाला म्हणतो, आकडे पक्के आहेत, कागद वाकतो. दोघंही आपापल्या शेतात बरोबर. पण जग एकच आहे, त्यामुळे आकडेही थरथरणार आणि कागदही वाकणार. मग लिहायचं कशावर?

"कशावर?" मी विचारलं.

"कागद फेकून द्यायचा. फील्डबुक ठेवायचं. आधी जागा आन् मंग त्यात वस्तू, असं नसंलच. आधी नुसती अंतरं, ह्याचं त्याच्याशी. जागा हा मागाहून काढलेला नकाशा. आन् विश्व फुगतंय म्हणतात ना? ते कशात फुगत न्हाय. फील्डबुकातले आकडे वाढतायत."

हे विचार जगात दुसऱ्या कुणी केले नव्हते असं नाही. मोठमोठे लोक वेगवेगळ्या वाटांनी याच विचारांपाशी आले होते, हे मला नंतर वाचून कळलं. पण इतक्या सरळ कुणी सांगितलेलं मी तोवर ऐकलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी वर्गात नोट्सची वही उघडली नाही. फळ्यावर चार ठिपके काढले. मागच्या बाकांवरच्या मुलांनी पहिल्यांदा वर पाहिलं. शिक्षक म्हणून मी त्या दिवशी जन्मलो, आणि निवृत्त होईपर्यंत जी काही आस्था मुलांनी मला दिली ती त्या चार ठिपक्यांची मिळकत होती.

आता जे लिहायला बसलो आहे ते लिहितो.

मी त्यावर एक लेख लिहिला आणि मराठीतल्या एका विज्ञान मासिकाला पाठवला. लेखात एक मोजणीदार बांधावर उभा राहतो, मिठागरातल्या खुंट्यांमधली अंतरं वहीत टिपतो, आणि त्या वहीतून विश्व उभं राहतं. लेखाची सुरुवात अशी होती: "मिठागराकडे बघताना एके दिवशी माझ्या मनात आलं." माझ्या मनात काहीही आलं नव्हतं. पाठवण्याआधी 'एका परिचितांच्या बोलण्यातून' असं लिहून मी ते खोडलं. गमबूट घातलेल्या चेनमनकडून भौतिकशास्त्र शिकलो असं लिहिलं तर कॉलेजात हसतील, हे एक कारण. दुसरं कारण साधं आहे. मला तो लेख माझा हवा होता.

लेख गाजला. माझ्या आयुष्यात तोवर काहीही गाजलं नव्हतं. एका नामवंत प्राध्यापकांचं कौतुकाचं पत्र आलं, त्यात बांधावरच्या मोजणीदाराची प्रतिमा विशेष आवडल्याचं लिहिलं होतं.

अंक निघाल्यावर आठ-दहा दिवसांनी दुपारी दार वाजलं. रविवार नव्हता. काका उभे होते, हातात मासिकाची गुंडाळी. मी काय बोलायचं ते मनात जुळवायला लागलो.

"मास्तर, एक चूक राहिली."

"काका, ते नावाचं मी..."

"नाव कसलं?" त्यांना खरोखरच कळलं नाही. "चूक माझी हाय, तुमची न्हाय. मी तुम्हाला चुकीचं सांगितलं, तुम्ही बिचाऱ्यानं छापलं." आणि गोणपाटावरच उकिडवे बसून त्यांनी अंक उघडला. मोजणीदाराच्या वाक्याखाली पेन्सिलीची रेघ होती.

झालं होतं असं. काशीगावाच्या बाजूला एका ओल्या खाजणात ते एकटेच मोजत होते आणि आकडे जुळेनात. खुंटीपाशी जाऊन टेप धरली की एक आकडा, दुसऱ्या खुंटीपाशी जाऊन धरली की दुसरा. तीनदा मोजलं. मग लक्षात आलं की ते खुंटीजवळ उभे राहिले की त्यांच्या वजनानं चिखल दबतो आणि खुंटी त्यांच्याकडे कलते.

"बत्तीस वर्षं साखळी धरली मास्तर, आन् हे ध्यानात न्हाय आलं. कोरड्या जमिनीवर मोजणारा धरला न्हाय तरी चालतंय. चिखलात न्हाय चालत. आन् तुमचंच पुस्तक सांगतंय, जे जे वजनदार ते ते जमीन वाकवतंय. मंग मोजणारा काय हवेचा हाय? त्याचं वजन, साखळीचं वजन, घड्याळाचं वजन, सगळं फील्डबुकात पायजे."

मी खुर्चीत न बसता त्यांच्यासमोर जमिनीवर बसलो.

"अजून आयका. बारीक मोजायचं तर खुंटी टोकदार पायजे आन् जोरात खुपसायला पायजे. जितकं बारीक, तितका जोर. शेवटी चिखल इतका खचंल की खुंटीच गिळंल. म्हंजे त्याच्या खाली अंतर हा शब्दच न्हाय. आन् सगळ्यात मोठी चूक ही." त्यांनी रेघेवर बोट ठेवलं. "बांधावर उभा केलाय तुम्ही त्याला. विश्वाला बांध कुठं हाय? बाहेर उभं राहून घड्याळ बघणारा कोणच न्हाय. सगळे आत, चिखलात. ही दुरुस्ती पुढच्या अंकात टाका."

पुस्तकी भाषेत हे तीन मुद्दे मला माहीत होते. तिन्ही मी कुठे ना कुठे वाचले होते, आणि लिहिताना एकही आठवला नव्हता. "टाकतो," मी म्हणालो. त्या क्षणी मला टाकायचीही होती.

पण दुरुस्ती पाठवायची तर ती कुठून आली ते सांगावं लागलं असतं. न सांगता पाठवायची तर दुसरी चोरी होत होती, आणि तेवढा कोडगेपणाही माझ्यात नव्हता. शिवाय त्या प्राध्यापकांना जे आवडलं होतं, नेमकं तेच चूक होतं. मी आज उद्या करत राहिलो. लेख शाळांसाठीच्या एका संग्रहात घेतला गेला, त्यावर माझी व्याख्यानं झाली. दर व्याख्यानात मी मोजणीदाराला बांधावर उभा करत होतो आणि तो तिथे नाही हे मला ठाऊक होतं.

काका दर महिन्याला विचारत. "आली काय?" एवढंच. ओरडणं नाही, रुसणं नाही. रविवारचा शब्द चालूच होता.

भाईंदरला एका सभागृहात माझा सत्कार झाला. शाल, श्रीफळ, भाषणं. काका तिसऱ्या रांगेत, धुतलेले गमबूट घालून. कार्यक्रम संपल्यावर गर्दी ओसरेपर्यंत थांबले आणि मग जवळ आले.

"छान झालं मास्तर. बायला आनंद झाला काय?"

"झाला."

"मंग ते दुरुस्तीचं?"

माझ्या अंगावर शाल होती. मी म्हणालो, "काका, संपादक म्हणतात जागा नाही."

ते क्षणभर बघत राहिले आणि मग खांदे हलवत हसले. "जागा न्हाय? अहो, आपण तेच तर सांगतोय त्यांना." आणि हसतच पावलं मोजत दाराकडे गेले. माझी बायको शेजारी उभी होती. तिनं विचारलं, "खरंच जागा नाही म्हणाले?" मी शालीची घडी घालायला लागलो. तिनं पुन्हा विचारलं नाही.

त्यानंतर काकांनी मला कधीच विचारलं नाही. मला वाटलं, विसरले. पुढची पाच-सहा वर्षं ते येत राहिले, मला शिकवत राहिले. काळ हा भरती-ओहोटीसारखा कुणाच्या तरी संदर्भानंच सांगावा लागतो, हे त्यांनी मला जेट्टीवर उभं करून समजावलं. चुकलो असं म्हणायला लाज कशी वाटून घ्यायची नाही, हेही शिकवलं. ते मात्र मी शिकलो नाही.

नव्वदचं दशक संपत आलं असताना चार दिवसांच्या आजारपणात ते गेले. दहाव्यानंतर मी त्यांच्या घरी गेलो. त्यांची मुलगी शाळेत शिकवायची. तिनं मला आतल्या खोलीत नेलं. फळीवर त्या मासिकाचे अंक ओळीनं लावलेले होते, माझ्या लेखाच्या अंकापासून ते गेले त्या महिन्यापर्यंत. एकही महिना चुकला नव्हता.

"तुमचं काय तरी यायचं होतं म्हणून घ्यायचे," ती म्हणाली. "अंक आला की आधी शेवटचं, चुकांच्या दुरुस्तीचं पान बघायचे. मग म्हणायचे, मास्तरला वेळ झाला नसेल."

मी तिला तेव्हा काही सांगितलं नाही. सांगायला आणखी पंचवीस वर्षं घेतली.

आता मी पंच्याहत्तरीच्या पुढे आहे. माझी बायको गेली. जाण्याच्या आधीच्या वर्षी तिनं एकदा सहज विचारलं होतं, "त्या दुरुस्तीला अजून जागा नाही का हो?" इतकी वर्षं तिनं ते मनात धरून ठेवलं होतं. गेल्या महिन्यात हा मजकूर लिहून मी काकांच्या मुलीकडे गेलो. तीही आता निवृत्त झाली आहे. तिनं चष्मा लावून सगळं वाचलं. सत्काराचं पान वाचताना ती माझ्याकडे बघेल म्हणून मी खिडकीकडे बघत होतो. ती हसल्याचा आवाज आला.

"जागा नाही, हे त्यांनी आम्हाला घरी येऊन सांगितलं होतं," ती म्हणाली. "दोन दिवस हसत होते."

"त्यांना कळलं होतं का, की मी खोटं बोललो?"

तिनं कागद जुळवले. "मला नाही माहीत. तुम्हाला बरं वाटावं म्हणून काय तरी सांगू का?"

"नको."

"मग नाही माहीत."

मी म्हणालो, "आता त्यांचं नाव द्यायचं आहे. पूर्ण नाव, गाव, सगळं. म्हणून विचारायला आलो."

तिनं चष्मा काढून ठेवला. मग म्हणाली, "नाव नको, सर. नाव घातलं की लोक नावच वाचतील. बिचारा चेनमन, त्याच्यावर कसा अन्याय झाला, असं म्हणतील. दुरुस्ती कोण वाचणार? बाबा दर अंकात जे शोधायचे ते नाव नव्हतं."

"मग मी काय करू?"

"तुमचं नाव आहे ना त्या लेखावर. ते काढा. आणि दुरुस्ती बरोबर आहे का, हे कोणाकडून तपासून घेतलंय?"

घेतलं होतं. माझा एक विद्यार्थी याच विषयात काम करतो. त्यानं वाचून कळवलं की दुरुस्ती बरोबर आहे, पण आता काही लोक आणखी खाली गेले आहेत. अंतरंसुद्धा मूळची नसावीत, दोन गोष्टी एकमेकींत किती गुंतल्या आहेत त्यावरून ती ठरत असावीत, असं त्यांना वाटतं. अजून कुणालाच नक्की माहीत नाही. हे मी तिला सांगितलं.

"तेही घाला," ती म्हणाली. "चूक सापडली म्हटल्यावर बाबा चहा न पिता ऐकत बसले असते."

म्हणून आता, एवढ्या उशिरानं:

माझ्या नावावर छापलेल्या लेखात "मोजणीदार बांधावर उभा राहून अंतरे टिपतो" या वाक्याऐवजी "मोजणीदार चिखलात उभा आहे, त्याच्या वजनाने खुंटी कलते आहे, आणि बांधावर कुणीही नाही" असे वाचावे. अंतरे मुळातली आहेत की नाहीत, हे अजून ठरायचे आहे. "माझ्या मनात आलं" हे शब्द गाळावेत. मूळ उदाहरण आणि ही दुरुस्ती, दोन्ही लेखकाची नाहीत.